नवाकोरा रस्ता पावसात जास्त का घसरतो? मानखुर्दच्या पुलावरून समजून घ्या

घाटकोपर-मानखुर्द लिंक रोडवरचा उड्डाणपूल १ ऑगस्ट २०२१ ला सुरू झाला. जवळपास तीन किलोमीटर लांबीचा पूल, छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव. शिवाजीनगर आणि बैंगनवाडीच्या सिग्नलवर रोज अडकून पडणारी माणसं वरच्या वर निघून जाऊ लागली.

आणि मग पावसात या पुलावर दुचाकी घसरल्याच्या बातम्या येऊ लागल्या.

अशा बातमीखाली कमेंटमध्ये काय असतं ते ठरलेलं आहे. अर्धे लोक म्हणतात ठेकेदाराने पैसे खाल्ले, उरलेले म्हणतात पोरं गाड्या बेफाम चालवतात, आणि एखादा म्हणतो टायर गोटा झाला असेल. तिन्ही गोष्टी कुठे ना कुठे खऱ्या असतातच. पण एक साधा प्रश्न राहून जातो. जुन्या, उखडलेल्या रस्त्यावर ज्याची गाडी वर्षानुवर्षं घसरली नाही, तो नव्या चकचकीत रस्त्यावर साध्या चाळीसच्या स्पीडला आडवा का होतो?

याचं उत्तर त्या ‘चकचकीत’मध्येच आहे.

टायर रस्ता धरतो म्हणजे काय करतो?

स्कूटरचं मागचं चाक एका वेळी रस्त्याला किती टेकतं याचा हिशेब सोपा आहे. मागच्या चाकावर समजा ११० किलो वजन आहे आणि हवा ३० पीएसआय. वजनाला हवेच्या दाबाने भागलं की साधारण ५० चौरस सेंटीमीटर येतात, म्हणजे जेमतेम सात बाय सातचा चौकोन. तळहातापेक्षाही लहान. पुढच्या चाकाचा त्याहून छोटा. ब्रेक, वळण, सगळं या दोन तुकड्यांच्या भरवशावर चालतं.

या तुकड्यात रबर दोन प्रकारे काम करतं. एक म्हणजे ते खडीच्या अंगावरच्या अगदी बारीक खरखरीला चिकटतं. ही खरखर डोळ्याला नीट दिसत नाही, बोटाला मात्र पॉलिश पेपरसारखी लागते. दुसरं, रबर मऊ असल्यामुळे खडीच्या उंचवट्यांवर दबतं, पुन्हा फुगतं, आणि त्या दबण्या-फुगण्यात गाडीची ऊर्जा खर्च होते.

म्हणून रस्त्याला दोन प्रकारचा खरखरीतपणा लागतो. खडीच्या प्रत्येक तुकड्याच्या अंगावरचा बारीक, अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी. आणि खडीच्या दोन तुकड्यांमधल्या खाचांचा मोठा, जो नजरेला दिसतो. बारीक खरखर रबराला पकड देते, मोठ्या खाचा पाण्याला बाजूला जायला जागा देतात. या दोघींपैकी एक गेली तरी पावसात गडबड होते, आणि दोन्ही गेल्या तर शहाबादी फरशीवर साबणाचं पाणी सांडल्यावर जे होतं तेच होतं.

कोरड्या रस्त्यावर हा फरक फारसा कळत नाही. गुळगुळीत कोरड्या डांबरावरही रबर छान चिकटतं. त्यामुळे मे महिन्यात ज्या पुलावरून रोज साठच्या स्पीडने गेलात, तो पूल जूनमध्ये वेगळा वागतो, आणि ते गाडी आडवी होईपर्यंत समजत नाही.

नव्या डांबराची गोम

डांबरी रस्ता म्हणजे मुख्यतः खडी. वरच्या थरात वजनाने डांबर पाच-सहा टक्केच असतं, बाकी खडी, कच आणि भुकटी. पण प्लांटमध्ये गरम डांबर आणि खडी एकत्र घोळली जाते, तेव्हा खडीच्या प्रत्येक तुकड्यावर डांबराचा पातळ लेप बसतो. रोलर फिरला, रस्ता सुरू झाला, की टायर प्रत्यक्षात खडीला शिवतच नाही. तो या काळ्या लेपावरून धावत असतो. खडीची बारीक खरखर लेपाखाली झाकलेली असते.

गाड्यांची ये-जा होत राहिली की लेप वरून झिजतो आणि खडी उघडी पडते. याला वर्दळीनुसार काही आठवडे ते काही महिने लागतात. रस्ता काळाभोर दिसायचा थांबून करडा दिसू लागला की समजायचं खडी बाहेर आली. लोक म्हणतात ‘रस्ता जुना झाला’. पकडीच्या दृष्टीने तो तेव्हा कुठे तयार झालेला असतो.

जर्मनीत यावर साधा उपाय करतात. थर गरम असतानाच त्यावर बारीक खडी पसरतात आणि रोलरने दाबतात, म्हणजे पहिल्या दिवसापासून टायरला काहीतरी खरखरीत लागतं. आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर घाईघाईने काळा थर टाकायचा आणि पंधरा दिवसांत त्यावर पाऊस पडायचा, हा क्रम दरवर्षीचाच. त्या लेपाला झिजायला वेळच मिळत नाही.

याच्या उलटही होतं. मे महिन्याच्या उन्हात डांबर मऊ होऊन वर येतं आणि चाकांच्या पट्ट्यात काळे चमकदार डाग दिसू लागतात. डांबर जास्त पडलं असेल तर हे हमखास होतं. वर आलेलं डांबर पुन्हा खडी झाकतं. म्हणजे जुना रस्ताही घसरणीच्या बाबतीत नवा होऊ शकतो.

पाट्याला टाकी लावतात ते का?

खडी उघडी पडली म्हणजे प्रश्न सुटला असं नाही. पाटा-वरवंटा ज्यांच्या घरी होता त्यांना हे सांगावं लागणार नाही. नवा पाटा खरखरीत असतो, मिरची झटक्यात वाटली जाते. काही वर्षांनी तोच पाटा गुळगुळीत होतो, मसाला वरवंट्याखालून नुसता सरकत राहतो. मग छिन्नी-हातोडा घेऊन दारोदार फिरणाऱ्या बायांकडून पाट्याला टाकी लावून घ्यायची.

रस्त्यावर हेच होतं, दगडही बहुतेक तोच. मुंबईच्या रस्त्यांची खडी आजूबाजूच्या खाणींतून येते आणि तो दगड काळा पाषाण, बेसॉल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होऊन झालेला. टायर हा वरवंटा, धूळ हा मसाला. लाखो चाकं धूळ रगडत जातात आणि खडीच्या अंगावरची खरखर घासून जाते.

सगळे दगड सारखे घासत नाहीत. चुनखडक लवकर गुळगुळीत होतो, म्हणून तर वापरातली शहाबादी फरशी पायाखाली तुळतुळीत लागते. बेसॉल्ट त्यापेक्षा बराच टिकतो, पण खाणीखाणीत फरक असतो. म्हणून खडी वापरण्याआधी तिची चाचणी करायची असते. प्रयोगशाळेत खडीच्या तुकड्यांवर रबरी चाक आणि घासणारी पूड तासन् तास फिरवतात आणि शेवटी किती पकड उरली ते मोजतात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या मानकांत वरच्या थराच्या खडीसाठी हा आकडा किमान ५५ सांगितला आहे. टेंडरमध्ये हा आकडा असतो. साइटवर आलेल्या प्रत्येक डंपरमधली खडी त्याच खाणीची आहे का, हे बघणं वेगळं काम आहे आणि खरी ढिलाई तिथेच होऊ शकते.

खडी सर्वात लवकर घासते ती जिथे ब्रेक लागतात आणि चाक वळतं तिथे. सिग्नलच्या आधीचे पन्नास मीटर, वळण, पुलाचा उतार संपतो ती जागा. म्हणजे पकडीची गरज जिथे सर्वात जास्त, तिथेच ती सर्वात आधी संपते.

पाणी किती आहे याने फरक पडतो, पण वाटतं तसा नाही

पावसात गाडी घसरली की लोक ‘हायड्रोप्लेनिंग’ म्हणतात. टायरखाली पाण्याची पाचर जाऊन टायर रस्त्यापासून उचलला जाणं, असा त्याचा अर्थ. हे खरंच होतं, पण त्यासाठी वेग लागतो. नासाच्या अभियंत्यांनी १९६३ मध्ये विमानाच्या चाकांसाठी एक सूत्र मांडलं: साचलेल्या पाण्यात चाक उचललं जाण्याचा वेग टायरमधल्या हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर अवलंबून असतो. ३० पीएसआयला तो साधारण ताशी ९० किलोमीटर येतो. दुचाकीचा टायर गोलाकार असल्यामुळे पाणी बाजूला सारतो, त्यामुळे तिच्यासाठी हा वेग आणखी वर जातो.

मानखुर्दच्या गर्दीत कोण नव्वदने जातंय? तीस-चाळीसला घसरलेली गाडी पाण्यावर तरंगत नसते. तिथे गुन्हेगार असतो पाण्याचा अगदी पातळ थर, केसाच्या जाडीचा. खडीवर बारीक खरखर असेल तर तिची टोकं हा थर फोडून रबराला भिडतात. खरखर नसेल तर थर फुटत नाही आणि रबर त्यावरून सरकतं. त्यामुळे रिमझिम पावसातही गाडी घसरते, किंबहुना रिमझिम जास्त घातक.

कारण दुसरंही आहे. मुंबईत ऑक्टोबरपासून जूनपर्यंत पाऊस जवळजवळ नसतो. हवामान खात्याच्या हिशेबाने शहरात मान्सून येण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून. तोपर्यंतच्या सात-आठ महिन्यांत रस्त्यावर इंजिन ऑइल, डिझेलचे थेंब, टायरच्या रबराची पूड आणि धूळ बसत राहते. लिंक रोडला तर देवनारचं डंपिंग ग्राउंड लागूनच आहे. कचऱ्याचे डंपर, मातीचे ट्रक, चाकांना चिकटून आलेला चिखल, सगळं या पट्ट्यात. पहिल्या सरीचं थोडंसं पाणी यात मिसळतं आणि रस्त्यावर लोण्यासारखा लेप तयार होतो. तासभर धो धो पाऊस पडला की तो बराचसा वाहून जातो. म्हणजे सर्वात वाईट वेळ पहिल्या पावसाची पहिली वीस-पंचवीस मिनिटं. आणि नेमकं तेव्हाच रेनकोट न घेतलेले सगळे घरी पोचायच्या घाईत असतात.

आकड्यात सांगायचं तर असं. चाळीसच्या वेगाने जाणारी गाडी चांगल्या कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून सुमारे ९ मीटरमध्ये थांबते. ओल्या, जेमतेम बऱ्या रस्त्यावर त्याला १६ मीटर लागतात. तेलकट लेपावर पकड आणखी निम्मी झाली तर ३१ मीटर, म्हणजे तीन बसगाड्या एकामागे एक उभ्या केल्या इतकं अंतर. माणसाच्या डोक्यात प्रकाश पडून हात ब्रेकवर जाईपर्यंतचं अंतर यात धरलेलं नाही. वेग साठ केला तर हेच आकडे २०, ३५ आणि ७१ होतात.

पुलांवर मास्टिक का आणि त्याची अडचण काय

मुंबईत पुलांवर, मोठ्या जंक्शनवर आणि खड्डे बुजवताना मास्टिक अस्फाल्ट बरंच वापरलं जातं. साध्या डांबरी थरात पाच-सहा टक्के डांबर, तर मास्टिकमध्ये १४ ते १७ टक्के. ते कुकरमध्ये शिजवतात, जवळपास २०० अंशाला खिरीसारखं पातळ करून ओततात. रोलर लागत नाही. थंड झालं की आत एकही पोकळी राहत नाही, पाणी झिरपत नाही. पुलाच्या काँक्रीटमधल्या सळया गंजू नयेत म्हणून हाच गुण हवा असतो.

पण जे पाणी आत जात नाही ते वरच राहतं, आणि इतकं डांबर म्हटल्यावर पृष्ठभाग काचेसारखा होतो. मानकं लिहिणाऱ्यांना हे माहीत आहे. म्हणून मास्टिक गरम असतानाच त्यात दहा-तेरा मिलिमीटरची, आधीच डांबर लावलेली कडक खडी दाबून बसवायला सांगितलं आहे. खडीचं थोडं अंग वर राहिलं पाहिजे. मास्टिक फार गरम असताना टाकली तर खडी बुडते, फार थंड झाल्यावर टाकली तर चिकटत नाही आणि महिनाभरात उडून जाते. दोन्ही वेळा मागे राहतो तो नुसता काळा आरसा. मुंबईत पायी चालतानाही असे तुकडे सापडतात: एकही खडी न दिसणारे, उन्हात चमकणारे. दुचाकीवाल्याने असा पट्टा दिसला की त्यावर ब्रेक दाबायचा नाही.

मग सगळं काँक्रीट केलं की झालं?

मुंबईत सुमारे २,०५० किलोमीटर रस्ते आहेत आणि ते टप्प्याटप्प्याने काँक्रीटचे करण्याचं काम चालू आहे. १९ जानेवारी २०२३ ला बीकेसीत पंतप्रधान नरेंद्र मोदींच्या हस्ते त्यातल्या सुमारे ४०० किलोमीटरच्या टप्प्याचं भूमिपूजन झालं, खर्च सहा हजार कोटींच्या पुढे. खड्डे कमी होतील हा त्यामागचा हेतू. पकडीचं काय, यावर क्वचितच कोणी बोलतं.

काँक्रीटच्या रस्त्यात टायर खडीला शिवत नाही, तो वरच्या सिमेंट-वाळूच्या थराला शिवतो. त्यामुळे बारीक खरखर येते वाळूतून. मोठ्या खाचा मात्र मुद्दाम पाडाव्या लागतात. काँक्रीट ओलं असताना त्यावरून दातेरी फणी किंवा ताठ झाडू ओढतात, त्याच्या आडव्या रेघा म्हणजेच पाण्याच्या वाटा. गाडी काँक्रीटवर चढली की जो ‘हूं’ असा आवाज येतो तो याच रेघांचा.

सगळा खेळ या रेघा ओढण्याच्या वेळेचा आहे. काँक्रीट फार ओलं असेल तर रेघ बुजते, वाळायला लागलं असेल तर फणी नुसती वरवर खरवडते. रात्रीत काम उरकायचं असेल, रेडीमिक्सची गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली असेल, तर रेघा कशा पडतील ते कोणीही ओळखेल. नीट पडलेल्या रेघा बरीच वर्षं टिकतात. नाही पडल्या तर तो रस्ता खड्डे नसलेला, मजबूत आणि निसरडा होतो. यंत्राने नंतर खाचा कापता येतात, फक्त ते महाग आणि वेळखाऊ.

मानखुर्दच्या बाजूने जाणारा सायन-पनवेल महामार्ग बराचसा काँक्रीटचा. तिथून टी जंक्शनला वळलं की काही अंतरात काँक्रीट, डांबर, मास्टिकचा ठिगळ, पांढरे पट्टे असं सगळं चाकाखालून जातं. प्रत्येकाची पकड वेगळी. वळताना पुढचं चाक एकावर आणि मागचं दुसऱ्यावर असेल, तर दुचाकी काय करेल ते चालवणाऱ्याच्या हातात फारसं राहत नाही.

बाकीच्या घसरगुंड्या थोडक्यात. पेव्हर ब्लॉक दबले-उचलले की चाक कडेत अडकतं, आणि जुने ब्लॉक गुळगुळीत होतात. झेब्राचे जाड पांढरे पट्टे वितळवलेल्या प्लास्टिकसारख्या रंगाचे असतात, ओले झाले की घसरतात. चेंबरची झाकणं, पुलाच्या सांध्यांवरच्या पट्ट्या, खोदकामावर टाकलेल्या प्लेटा, हे सगळं लोखंड. त्यांच्यावरून जाताना गाडी सरळ ठेवायची, एवढंच हातात असतं.

पकड मोजता येते

यासाठी महागडं यंत्र लागतंच असं नाही. एक चाचणी तर शाळेच्या प्रयोगासारखी आहे. ५० मिलिलिटर बारीक वाळू रस्त्यावर ओतायची आणि चकतीने गोल गोल पसरवत खाचांत भरायची. खाचा खोल असतील तर वाळू त्यांतच जिरते, वर्तुळ लहान होतं. वर्तुळाचा व्यास २५ सेंटीमीटर आला तर खाचांची सरासरी खोली साधारण एक मिलिमीटर. ४० सेंटीमीटर आला तर ०.४ मिलिमीटर, म्हणजे पाण्याला जायला जागाच नाही.

बारीक खरखरीसाठी लंबक वापरतात. ओल्या रस्त्यावरून रबराचा तुकडा लावलेला लंबक सोडायचा. रस्ता निसरडा असेल तर तो पलीकडे उंच जातो, खरखरीत असेल तर लवकर अडतो. दोन्ही चाचण्या काही मिनिटांच्या. रस्त्याची जाडी, काँक्रीटची ताकद यांचे रिपोर्ट जसे मागितले जातात, तसे हे दोन आकडेही नव्या पुलाबाबत माहिती अधिकारात मागता येतात.

आकडे वाईट आले तर पूल पाडावा लागत नाही. मायक्रोसर्फेसिंग म्हणून एक पद्धत आहे: डांबराचं थंड इमल्शन, बारीक कडक खडी आणि थोडं सिमेंट यांचा सहा-आठ मिलिमीटरचा थर मशीनने पसरवतात, काही तासांत वाहतूक सुरू होते. पुलासाठी हे सोयीचं, कारण वजन फारसं वाढत नाही. अट एकच, पाऊस नको. त्यामुळे जूनमध्ये लक्षात आलेल्या निसरड्या पुलाचा इलाज ऑक्टोबरपर्यंत लांबतो.

ब्रिटनमध्ये धोकादायक क्रॉसिंगच्या आधी वेगळाच थर दिसतो. चिकट रेझिनवर भाजलेल्या बॉक्साइटचे कण पसरलेले. हे कण इतके कडक की वर्षानुवर्षं घासत नाहीत. बॉक्साइट कोल्हापुरातही निघतं. सगळ्या रस्त्यावर हा थर परवडणार नाही, पण त्याची गरज फक्त ब्रेक लागतात त्या पन्नास मीटरमध्ये असते.

आणि टायर गोटा झाला असेल तर?

मोटार वाहन नियमांत दुचाकीच्या टायरची नक्षी किमान ०.८ मिलिमीटर खोल हवी, कारला १.६. नक्षीचं काम पाणी बाहेर काढणं. रस्त्यावरच्या खाचा आणि टायरवरच्या खाचा एकमेकींचं काम वाटून घेतात, म्हणून निसरड्या रस्त्यावर गोटा टायर दुप्पट महागात पडतो. टायर जुना होऊन रबर कडक झालं असेल तर नक्षी शिल्लक असूनही पकड कमी होते. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, त्यामुळे तोल राहतो. पण जी पकड रस्त्यात नाही ती एबीएस आणू शकत नाही, आणि १२५ सीसीपर्यंतच्या बहुतेक स्कूटरना एबीएस नसतंच.

रात्री पावसात पुढचा रस्ता कसा आहे हे हेडलाइटच सांगते. समोरच्या गाडीचे लाल दिवे आणि खांबावरचे दिवे रस्त्यात आरशासारखे लांबच लांब दिसत असतील, तर तिथे खाचा भरलेल्या आहेत आणि पाणी वर बसलंय. दिवे फुटके, अंधुक दिसत असतील तर खडी अजून पाण्याच्या वर डोकं काढून आहे. पहिल्या प्रकारचा पट्टा दिसला की ब्रेक त्याच्या आधी, गाडी सरळ असताना, दोन्ही एकत्र आणि हळूहळू दाबायचे.